पिकअपच्या मागे बलून बसवले, त्याला सात महिने झाले

आमची फायबरची होडी, साडेसोळा फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्याआधी ती श्रीवर्धनहून पुण्यात आणायची, धायरीत मित्राच्या शेडमध्ये ठेवायची आणि नारळी पौर्णिमा झाली की परत खाली न्यायची, हा आम्हा दोघांचा दरवर्षीचा उद्योग. शिवाय मध्ये इंजिन बिघडलं की जास्तीची एक फेरी. ट्रेलरसकट वजन ९०० किलोच्या आसपास. ओढायला माझ्या डबल कॅब पिकअपला काही जड जात नाही, पण मागचं बूड बसायचं. बूड बसलं की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारणार आणि स्टीअरिंग हातात पोकळ लागणार.

म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये मागे एअर बलून, म्हणजे हवा भरायच्या रबरी पिशव्या, बसवून घेतले. व्होल्वो बसला असतात त्यांची ही धाकटी भावंडं. स्प्रिंगचे मूळ पाटे तसेच राहतात, बलून अ‍ॅक्सल आणि चॅसीच्या मध्ये नुसते मदतीला. (सोसायटीत दोघांनी विचारलं, धडकल्यावर ते फुगतात का!)

पहिल्याच फेरीत ताम्हिणीत घाम फुटला. फिटरने दोन्ही बलूनना टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकच नळी दिली होती, हवा भरायला एकच वॉल्व्ह. सोयीचं वाटलं होतं. पण वळणावर बाहेरच्या बाजूच्या बलूनवर भार आला की त्यातली हवा आतल्या बाजूच्या बलूनमध्ये पळते. म्हणजे जिकडे आधार हवा तिकडेच तो कमी. गाडी अशी कलायची की मित्राने वरचं हँडल धरलं ते थेट विळे येईपर्यंत सोडलं नाही. पुण्यात परतल्यावर टी काढून टाकला आणि दोन स्वतंत्र नळ्या घेतल्या, नंबरप्लेटच्या दोन बाजूंना दोन वॉल्व्ह. खर्च ८०० रुपये. बलून घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

मग डावा बलून रात्रीत ३० पीएसआयवरून ८ वर यायला लागला. साबणाचं पाणी मारल्यावर जॉइंटपाशी बुडबुडे दिसले. नळी पक्कडने तिरकी कापलेली होती. ब्लेडने सरळ कापून परत दाबून बसवली, तेव्हापासून थेंबभर तक्रार नाही. हवा मी सायकलच्या पंपाने भरतो. बलूनमध्ये हवा मावते थोडी, पेट्रोल पंपावरच्या मशीनने काटा एका झटक्यात ५० च्या पुढे जातो. गाडी रिकामी असली तरी ५ पीएसआय ठेवतोच, नाहीतर रबर दुमडून चिमटतं. आणि भरलेली हवा तशीच ठेवून रिकामी गाडी सिंहगड रोडवर चालवली, तर प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो.

किती हवा भरायची, हे समजायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला मी टेप लावून हबपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजायचो आणि मागची बाजू रिकाम्या गाडीइतकी वर येईपर्यंत पंप मारायचो. दिसायला झकास. पण उतारावर ब्रेक लावला की पुढचं नाक डुबायचं आणि मागचे ब्रेक झोपल्यासारखे वाटायचे. मेकॅनिकने गाडीखाली नेऊन दाखवलं: मागच्या अ‍ॅक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या वॉल्व्हला जाते. मागचं बूड किती बसलंय त्यावरून तो वॉल्व्ह मागच्या ब्रेकना किती प्रेशर द्यायचं ते ठरवतो. मी बूड पूर्ण उचललं की त्याला वाटणार, गाडी रिकामी आहे! सगळ्या पिकअपना ही दांडी नसते, पण आपल्या गाडीला आहे का ते खाली वाकून बघाच.

त्यानंतर आधी करायचं काम मी शेवटी केलं. ओळखीच्या भंगारवाल्याचा काटा आणून ट्रेलरची जीभ, म्हणजे गाडीला जोडायचं पुढचं टोक, त्यावर टेकवली. १३५ किलो! होडीच्या ट्रेलरला जिभेवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के पुरतात. पेट्रोलचे कॅन, नांगर, बर्फाची पेटी, सगळं आम्ही होडीच्या नाकाशी कोंबत होतो. ते मागे सरकवलं आणि आकडा ८५ वर आला. आता २० पीएसआयमध्ये भागतं आणि बूड दोन बोटं बसलेलंच ठेवतो. निम्मं दुखणं बलूनशिवायच बरं झालं असतं, हे मित्र अजून ऐकवतो.

बलून लावले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. आरसी बुकातलं वजन तेच राहतं. उलट पाटे चॅसीवर दोन टोकांना भार देतात, तर बलून मधल्या एकाच जागी. मागे जास्त भार कोंबून खड्ड्यात आपटलं तर तिथेच चॅसी वाकायची भीती. त्यामुळे होडी जोडलेली असताना हौद्यात जाळी आणि दोन बॅगा, बस्स.

श्रीवर्धनला होडी पाण्यात सोडताना मागची चाकं खाऱ्या पाण्यात जातात. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने बलून, ब्रॅकेट आणि नटबोल्ट धुतो. तरी एका ब्रॅकेटला गंज दिसायला लागलाय.

गेल्या महिन्यात टायरवाल्याने चॅसीला जॅक लावून गाडी उचलली. अ‍ॅक्सल खाली लोंबला, बलून पार ताणले गेले, नळी तंगली. ओरडून थांबवलं म्हणून वाचले. आता पान्हा हातात घ्यायच्या आधीच सांगतो, दादा, जॅक अ‍ॅक्सलखालीच लाव.