कथेचे घटक शिकवणारी ऑनलाइन कार्यशाळा : एक परीक्षण

लघुकथेच्या मूलभूत घटकांची ओळख करून देणारी एक ऑनलाइन कार्यशाळा नुकतीच पूर्ण केली. आयोजकांचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण जे दोष दिसले ते एकट्या त्यांचे नाहीत. अशा बहुतेक वर्गांचा आराखडा थोड्याफार फरकाने हाच असतो. कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, निवेदन आणि आशयसूत्र (कथेमागचा मुख्य विचार) यांना प्रत्येकी एक सत्र दिले होते. मार्गदर्शक अभ्यासू होते, सत्रे वेळेवर सुरू होत आणि लिहून पाठवलेल्या मजकुरावर सविस्तर अभिप्राय मिळत असे.

सर्वांत सरस सत्र निवेदनाचे होते. भाडे थकल्यामुळे एका कुटुंबाला वाड्यातली खोली सोडावी लागते, एवढाच प्रसंग देऊन तो आधी भाडेकरूच्या, मग घरमालकाच्या लहान मुलीच्या आणि शेवटी तटस्थ निवेदकाच्या तोंडून लिहायला सांगितले गेले. मुलीला थकबाकीचा पत्ताच नसल्यामुळे तिच्या निवेदनात पैशांचा वाद मागे पडला आणि खेळायला येणारी मैत्रीण सामान बांधून का निघाली, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी आला. निवेदक बदलताच कथानक बदलते, संघर्षाची जागा सरकते आणि शेवटही वेगळा मागितला जातो, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा या अभ्यासाने स्पष्ट झाले. हे सत्र अगदी आरंभी ठेवले असते, तर पुढचे घटक सुटे सुटे शिकवावे लागलेच नसते.

कथानकाच्या सत्राबद्दल मात्र तक्रार आहे. आरंभ, चढता आलेख, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट असा त्रिकोण फळ्यावर काढून प्रत्येक कथा त्यात बसवण्याचा आग्रह धरला गेला. हा त्रिकोण जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग यांनी 1863 मध्ये पाच अंकी नाटकाच्या विवेचनासाठी मांडला होता, याचा उल्लेखही झाला नाही. पात्रांच्या सत्रातील ‘सपाट’ (एकाच गुणाभोवती रचलेली) आणि ‘गोलाकार’ (अनेक पैलू असलेली) ही पात्रांची विभागणीसुद्धा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये केंब्रिजला दिलेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांतून आलेली आहे. पाच-सहा पानांत गोलाकार होण्याइतकी सवड पात्राला नसते. तिथे एखादी लकब किंवा एखादा निर्णय पुरेसा ठरतो. उलट, एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथेतील प्रत्येक तपशील एकाच परिणामाकडे जायला हवा, हा अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पो यांनी 1842 मध्ये मांडलेला विचार थेट लघुकथेबद्दलचा असूनही तो जाता जाता सांगून संपवला गेला. नाटकाची आणि कादंबरीची मापे लावून कथा बेतायची, हा प्रकार थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला चढवण्यासारखा झाला.

वातावरणाचे सत्र सर्वांत फिके होते. पाऊस, संध्याकाळ, जुने घर अशा वर्णनांपलीकडे ते गेले नाही. बाबुराव बागुलांची 1963 मध्ये पुस्तकरूपाने आलेली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही एकच कथा वाचायला दिली असती, तरी बरेच काम झाले असते. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला नायक जात लपवून तिथे खोली मिळवतो. त्या वस्तीचे नियम काढून टाकले, तर संघर्षच उरत नाही. म्हणजे वातावरण हाच तिथे कथेचा कणा आहे. बोलीचा विचारही कुठल्याच सत्रात झाला नाही. व्यंकटेश माडगूळकर किंवा शंकर पाटील यांच्या ग्रामीण कथांमध्ये माणसाचा स्वभाव, त्याचे गाव आणि गोष्टीतला विनोद या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा संवादातल्या एका वाक्यातून उभ्या राहतात, तेव्हा मराठीतून शिकवणाऱ्या वर्गाने बोलीला शेपटासारखे शेवटच्या प्रश्नोत्तरांत ढकलावे, हे पटत नाही.

आशयसूत्राचे सत्र छोटे होते आणि छोटेच असावे.

पूर्वी कधीच कथा न लिहिलेल्यांनी ही कार्यशाळा निवेदनाच्या सत्रासाठी आणि अभिप्रायासाठी जरूर करावी. ज्यांच्या चार-दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत, त्यांना मात्र या शुल्कात नव्याने मिळण्यासारखे थोडेच आहे. त्यांनी आयोजकांकडे केवळ मसुद्यावरील अभिप्रायाची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे.