इंग्लंडच्या कुरणात पोनी: मुसकं, सरकतं कुंपण की भिजवलेलं सुकं गवत?

एप्रिलमध्ये इंग्लंडची कुरणं हिरवीगार होतात आणि पोनीवाल्यांची काळजी सुरू होते. शेटलंड, वेल्श, डार्टमूर या जातींचे पोनी, म्हणजे ठेंगणे घोडे, मुळात उजाड माळावरचे, थोडक्यात भागवणारे. दुभत्या गाईंसाठी पेरलेल्या रायग्रास गवतावर ते झरझर फुगतात. गवतातल्या साखरेनं इन्सुलिन वाढतं आणि खुरातलं हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवणारे थर दुखावतात. हाच लॅमिनायटिस. वेदना भयंकर, काही पोनींना वाचवताही येत नाही.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे रोज दोन-तीन तासच सोडणं. माझा याच्यावर विश्वास नाही. रोज थोडाच वेळ मिळतो हे पोनीच्या लवकर ध्यानात येतं, मग तो मान वर न करता चरतो आणि तेवढ्यात दिवसाच्या चाऱ्याचा मोठा हिस्सा पोटात टाकतो. वेळ निवडायचीच तर पहाटेची. दुपारनंतर गवतात साखर साठलेली असते. मात्र रात्री दहिवर गोठलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं, तर पहाटही धोक्याची. थंडीनं गवत वाढत नाही, साखर तशीच राहते.

तळाला भोक असलेलं मुसकं तोंडाला घातलं तर पोनी कळपात राहतो, हिंडतो, आणि खाणं खूप घटतं. काही अभ्यासांत सुमारे 80 टक्क्यांनी. पण गवत बेताच्या उंचीचं हवं. फार आखूड असेल तर पातं भोकातून आत येत नाही, फार उंच असेल तर आडवं पडतं. पहिले काही दिवस जवळ उभं राहून बघा: पाणी पिता येतंय का, नाकाडावरचे केस घासून जातायत का. चोवीस तास मुसकं ठेवू नका. दहा-बारा तास पुरे. आणि काढल्यावर त्याच हिरव्या कुरणात मोकळं सोडलंत तर सगळं मुसळ केरात.

स्वतःचं कुरण असेल तर मी सरकतं विजेचं कुंपण निवडेन. रोज हातभर पुढे सरकवायचं, मागचा चरलेला भाग हिंडायला राहतो. खर्च कमी, पण रोजची हजेरी चुकत नाही, आणि गुबगुबीत शेटलंड कुंपणाखालून सरकून जातो तो वेगळाच. कुरणाच्या कडेनं फिरती वाट आखून जागोजागी सुकं गवत ठेवणं चालण्याच्या दृष्टीनं उत्तमच. भाड्याच्या जागेत मालक बहुधा परवानगी देत नाही, आणि पावसाळी हिवाळ्यात वाटेचा चिखल होतो.

ज्याला एकदा लॅमिनायटिस होऊन गेलाय त्याच्या बाबतीत मी वसंतात जोखीम घेणार नाही. गवत नसलेला आवार आणि भिजवून निथळलेलं सुकं गवत. भिजवल्यानं साखर पाण्यात उतरते, खनिजंही जातात, म्हणून वर क्षार-जीवनसत्त्वांचं पूरक लागतं. उन्हाळ्यात भिजवलेलं गवत लवकर आंबतं, तेव्हा थोडं थोडं भिजवा. 200 किलोच्या पोनीला दिवसाला साधारण साडेतीन किलो, भिजवण्याआधी तोलून. पशुवैद्यानं सांगितल्याशिवाय याहून कमी करू नका: जाड पोनीला उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, आणि तो आजार लॅमिनायटिसइतकाच जिवावर बेततो.