‘अनलिमिटेड’मधून बाहेर: व्हीपीएसचे सात महिने

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकदुकानाची वूकॉमर्स (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणारं प्लगइन) साइट. एरवी वर्दळ बेताची, पण जूनमध्ये शाळा उघडताना पालकांची झुंबड. आधी वर्षभर शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), नंतर सात महिने २ जीबी रॅमचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला आपल्या नावचा आभासी सर्व्हर). दोन्हींचा हा अनुभव.

शेअर्डच्या जाहिरातीतलं ‘अनलिमिटेड’ असतं जागेपुरतं. खरी मेख एन्ट्री प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच क्षणी किती पीएचपी (वर्डप्रेसची पानं तयार करणारी भाषा) रिक्वेस्ट चालू शकतात यात. समजा मर्यादा २० आहे. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर (सीपीयूने साथ दिली तर) सेकंदाला ४० पानं निघतात. चेकआउटला ४ सेकंद लागत असतील तर फक्त ५. त्यापुढच्या गिऱ्हाइकाला ५०८ एरर, म्हणजे ‘मर्यादा संपली’. सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरल्या ‘रिसोर्स युसेज’मध्ये कोणती मर्यादा लागली ते दिसतं. ते न बघता मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी शेअर्डवरच डागडुजी करावी. वर्डप्रेसचं अंतर्गत क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) बंद करून सीपॅनलमधून दर १५ मिनिटांनी चालवावं, एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅप्ससाठीचं वर्डप्रेसचं जुनं दार) अडवावं, पेज कॅश (तयार पान साठवून तेच पुन्हा देणं) लावावी. निव्वळ माहितीची साइट असेल तर इथेच थांबा, व्हीपीएसची गरज नाही. दुकानाचं तसं नसतं. कार्ट आणि चेकआउट कॅश करता येत नाहीत, केले तर एकाची पिशवी दुसऱ्याला दिसते. जूनची गर्दी नेमकी तिथेच अडते, म्हणून व्हीपीएस.

तिथे पहिला घोळ मेमरीचा. उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर पीएचपी-एफपीएमची (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) ‘मॅक्स चिल्ड्रन’ मर्यादा, म्हणजे एकाच वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील ती, मुळात ५ असते. गर्दीत रांग लागते, लॉगमध्ये ‘मर्यादा वाढवा’ असा इशारा येतो आणि माणूस घाईने ५० टाकतो. मग रॅम संपते, कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळ्यात लठ्ठ प्रोसेस मारतो आणि ती बहुतेक वेळा मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस, असते. गिऱ्हाइकाला दिसतं, ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’. हिशेब साधा आहे: २०४८ एमबीतून सिस्टिम आणि एनजिनएक्सला (वेब सर्व्हर) ४००, मारियाडीबीला ५००, उरले ११५० च्या आसपास. एक पीएचपी प्रोसेस ८० एमबी खाते, म्हणजे १४. थोडी मोकळीक ठेवून १२. शेअर्डच्या २० पेक्षा आकडा लहानच! फायदा मिळतो तो सीपीयू आणि डिस्कवरचा लगाम सैल झाल्याने, पान लवकर सुटतं म्हणून. शिवाय बऱ्याच व्हीपीएसवर स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) नसतो. १ जीबीची स्वॅप फाइल करून स्वॅपीनेस (स्वॅप किती सहज वापरायचा ते) १० ठेवला की अडचणीच्या वेळी साइट मरत नाही, नुसती रेंगाळते.

व्हीपीएस म्हणजे अख्खं यंत्र आपलं, असं मात्र नाही. ‘टॉप’ कमांडमध्ये ‘एसटी’चा (स्टील, म्हणजे हिरावलेला सीपीयू वेळ) आकडा सतत ५-१० टक्क्यांवर दिसला तर शेजारी तुमचा सीपीयू ओढताहेत असं समजावं.

दुसरा घोळ ईमेलचा, आणि तो साइट हलवतानाच होतो. सगळे सांगतात, ए रेकॉर्ड (डोमेन कोणत्या आयपीवर आहे ते) बदला, एमएक्सला (मेल कुठे पोचवायची ते) हात लावू नका. पण सीपॅनलचा एमएक्स बहुधा मूळ डोमेनच्या नावाकडेच बोट दाखवतो, त्यामुळे ए रेकॉर्ड हलला की मेलही व्हीपीएसच्या दारात येऊन परत फिरतात. मेलसाठी वेगळं सबडोमेन करून त्याचं ए रेकॉर्ड जुन्या आयपीवर ठेवावं, एमएक्स तिकडे वळवावा. टीटीएल (जुना रेकॉर्ड इतरांकडे किती वेळ साठून राहतो ते) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणावा. अनेक कंपन्या व्हीपीएसवर बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे ऑर्डरच्या पावत्या ५८७ वरून एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सेवेमार्फत पाठवाव्या आणि त्या सेवेचं नाव एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्या यादीत) घालावं.

फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला (सर्व्हरवर दुरून शिरायची वाट) परवानगी द्या. क्रम चुकला तर बाहेर कुलूपबंद, मग कंपनीच्या वेब कन्सोलमधूनच आत शिरता येतं.

डेटासेंटर मुंबईचं घ्यावं. पुण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) काही मिलिसेकंद, अमेरिकेला २०० च्या वर.

खर्चात १८ टक्के जीएसटी धरा. शेअर्डचा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. व्हीपीएसच्या बाजूला वेळही मांडा: सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतात, पण कर्नलचा अपडेट लागू व्हायला रीबूट लागतो आणि तो उबुंटू स्वतःहून करत नाही. स्नॅपशॉटला (कंपनीकडे साठवलेली अख्ख्या सर्व्हरची प्रत) बॅकअप समजू नये, तो त्याच खात्यात असतो. रोजचा डेटाबेस डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) दुसऱ्या कंपनीकडे पाठवावा आणि मे महिन्यात, गर्दीआधी, तो रिकाम्या सर्व्हरवर एकदा उतरवून बघावा.