‘सर, एकदा कॉन्टॅक्ट साफ करून बघा’ : नकली फ्लॅश कार्ट्रिज आणि दुरुस्तीचं नाटक

जुन्या गेम कन्सोलसाठी फ्लॅश कार्ट्रिज घेणाऱ्यांनी हे वाचाच. त्यातही ज्यांचं कार्ट्रिज सध्या ‘कधी चालतं, कधी अडकतं’ अशा अवस्थेत आहे आणि विक्रेता रोज एक नवा उपाय सुचवतोय, त्यांनी तर आधी वाचा. नकली माल गळ्यात मारणं ही या फसवणुकीची अर्धी बाजू. उरलेली अर्धी त्या उपायांत असते. तुम्ही कार्ड फॉरमॅट करत बसता आणि तिकडे परतीची मुदत निघून जाते.

मूळ कार्ट्रिजमध्ये एकच गेम कायमचा असतो. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये मायक्रोएसडी कार्ड घालायचं, मेनूतून गेम निवडायचा, की तो कार्ट्रिजच्या स्वतःच्या मेमरीत उतरतो आणि कन्सोलला नेहमीचंच कार्ट्रिज लावल्यासारखं वाटतं. मला ते हवं होतं जीबी स्टुडिओत, म्हणजे गेम बॉयचे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवलेले गेम १९८९ च्या मूळ करड्या गेम बॉयवर चालवायला. एमुलेटरवर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, सगळंच छान दिसतं. खऱ्या पडद्यावर कुठे धूसर होतं, कुठे गती मंदावते, ते खऱ्या यंत्रावरच कळतं.

मी घेतलं ते एका नावाजलेल्या कंपनीचं म्हणून, ‘अस्सल, घड्याळासकट’ अशी जाहिरात असलेलं, सोबत ३२ जीबीचं कार्ड ‘फ्री’. घड्याळ म्हणजे कन्सोल बंद असतानाही वेळ मोजत राहणारी सोय. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरसारख्या गेममध्ये दिवस-रात्र त्यावरच चालते. ही सोय असलेलं मॉडेल महाग असतं. का, ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी सगळं चाललं. मग मोठे गेम मध्येच थिजायला लागले, सेव्ह केलेला खेळ दुसऱ्या दिवशी गायब, आणि घड्याळ कन्सोल बंद केला की शून्यावर. विक्रेत्याला निरोप टाकला. उत्तर लगेच, अगदी आदबीनं: “सर, एकदा कॉन्टॅक्ट साफ करून बघा. जुन्या कन्सोलला हा प्रॉब्लेम कॉमन आहे.”

या सल्ल्यात खोटं काही नाही, आणि हीच त्याची खुबी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, कार्ट्रिजच्या ३२ पट्ट्या नीट पुसायच्या; हे सगळेच करतात. पण कॉन्टॅक्टचा दोष ओळखायची एक साधी खूण आहे. गेम बॉय सुरू होताना कार्ट्रिजमधून निन्टेन्डोचा लोगो वाचतो आणि स्वतःकडच्या प्रतीशी ताडून बघतो. संपर्क नीट नसेल तर लोगोच्या जागी काळी पट्टी किंवा फाटकी अक्षरं उतरतात आणि यंत्र तिथेच अडून बसतं. माझ्याकडे लोगो दर वेळी स्वच्छ येत होता. तेवढ्यावरून सगळ्या पिना ठीक आहेत असं म्हणता येत नाही, कारण मेमरीतली जागा (पत्ता) सांगणाऱ्या सगळ्या पिना लोगो वाचताना कामाला लागत नाहीत, वरच्या पत्त्यांच्या पिना मोठ्या गेमलाच लागतात. म्हणून दुसरी चाचणी करायची. एखादं मूळ कार्ट्रिज, जमल्यास मोठ्या गेमचं, त्याच कन्सोलमध्ये लावून सोडायचं. माझं तासन्तास बिनतक्रार चाललं. म्हणजे स्लॉट आणि कन्सोल निर्दोष. हे मी कळवलं. उत्तर आलं: “मग बॅटरी नवीन टाका सर.”

नव्या बॅटऱ्या टाकल्या. फरक शून्य. पुढचा उपाय: “कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.” फॅट३२ आणि एक्सफॅट या कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती. हाही सल्ला एरवी रास्तच, ३२ जीबीच्या वरची कार्डं सहसा एक्सफॅटमध्ये येतात आणि बरीच कार्ट्रिजं ती वाचत नाहीत. माझं कार्ड आधीपासूनच फॅट३२ होतं. तरी केलं.

मात्र त्या निमित्तानं कार्ड संगणकाला लावलं होतं, म्हणून एच२टेस्टडब्ल्यू चालवून बघितलं. हा छोटा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. लिनक्स-मॅकवाल्यांसाठी एफ३ आहे. निकाल असा की कार्ड ३२ जीबी सांगत होतं आणि प्रत्यक्षात त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीही जागा त्यात नव्हती. बाकी सगळा ‘डेटा लॉस्ट’. अशा कार्डातला कंट्रोलर क्षमतेबद्दल सरळ खोटं बोलतो. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं सगळी दिसतात, आकडेही बरोबर दिसतात. आत मात्र काही नसतं, किंवा दुसऱ्याच फाइलीचा तुकडा असतो. ‘हजारो गेम भरलेलं कार्ड फ्री’ अशी जाहिरात दिसली की हे डोळ्यांसमोर आणा. तेवढे गेम त्यात मावतच नाहीत.

त्या चाचणीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि पैसे परत मागितले. तिथून त्याचा सूर बदलला. “कार्ड तर फ्री दिलंय सर, कार्ट्रिज ओरिजिनल आहे. चांगलं कार्ड टाका, मख्खन चालेल.” खात्रीच्या दुकानातून नवं कार्ड आणलं, तेही आधी तपासून घेतलं, आणि त्यावर एकच गेम टाकला. थिजला.

यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या आणि पाणी कुठे मुरतंय ते कळलं. एक म्हणजे तो म्हणाला, “इथं चॅटवर फोटो नीट जात नाहीत, माझ्या नंबरवर मेसेज करा.” म्हणजे खरेदी ज्या साइटवर झाली तिथं संवादाची नोंद राहू द्यायची नाही. दुसरं, त्यानं एका क्लाउड लिंकवर फर्मवेअरची (कार्ट्रिजच्या आतल्या सॉफ्टवेअरची) झिप पाठवली आणि बजावलं, “हीच टाका. कंपनीच्या साइटवरची अपडेट टाकू नका, कार्ट्रिज डेड होईल.” अस्सल वस्तू विकणाऱ्याला कंपनीच्याच अपडेटची भीती का वाटावी? नकली बोर्डावर अधिकृत अपडेट चालेलच याची खात्री नसते, म्हणून हा इशारा. विकत घेण्याआधीच जाहिरातीत ‘अपडेट करू नये’ असं वाक्य दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

मग आला तो उपाय, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. “सर, शिपिंगमध्ये सोल्डर हललं असेल. उघडून बघा आणि बोर्डचा फोटो पाठवा, मी टेक्निशियनला दाखवतो.”

उघडलं. आतलं दृश्य सांगतो, म्हणजे तुम्हाला फोटोवरूनही ओळखता येईल. मुख्य चिपवरचा छापील मजकूर घासून काढलेला. तिरप्या उजेडात धरलं की गोल ओरखडे स्पष्ट दिसत होते. घड्याळासाठी ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, नळीसारखा बारीक. त्याच्या नावाची खूण बोर्डावर छापलेली, दोन्ही टाके रिकामे. शेजारी नाण्याएवढ्या सेलची जागा, तीही रिकामी. ज्या ‘घड्याळासकट’पायी जास्त पैसे मोजले ते घड्याळ त्यात बसवलेलंच नव्हतं. घड्याळाचं मॉडेल महाग असतं ते या दोन-चार सुट्या भागांमुळे, आणि नक्कल करणारा नेमके तेच गाळतो. स्लॉटमध्ये जाणाऱ्या पट्ट्यांवर सोन्याच्या मुलाम्याऐवजी मळकट कथील होतं, आणि बोर्डाची कडा तासलेली नव्हती. असली चौकोनी कडा दर वेळी स्लॉटच्या पिना खरवडत आत जाते.

सगळ्यात वाईट गोष्ट डोळ्यांना चटकन दिसत नाही. मूळ गेम बॉयची कार्ट्रिज-बस, म्हणजे कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्यातली जोडणी, ५ व्होल्टवर चालते. आजच्या फ्लॅश मेमरी चिपा बहुतेक ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या चिपा हव्यात, त्यांना लेव्हल शिफ्टर म्हणतात. अस्सल बोर्डांच्या फोटोंत त्या ओळीनं बसलेल्या दिसतात. माझ्या बोर्डावर एकही नव्हती. अशी जोडणी चालते, म्हणूनच ती विकता येते. पण चिप तापते, वाचताना चुका होतात, आणि दुसऱ्या टोकाला तुमचा तीस वर्षं जपलेला कन्सोल असतो, त्याच्यावरही ताण येतो. कार्ट्रिज गेलं तर नवं घेता येईल, कन्सोल कुठून आणायचा? तेव्हापासून ते स्लॉटला लावलेलं नाही.

फोटो पाठवले. उत्तर यायला या वेळी वेळ लागला, आणि आलं ते असं: “सर, तुम्ही कार्ट्रिज ओपन केलंय. सील तुटलं की वॉरंटी संपते.” उघडायला सांगणारा तोच! मी साइटवर रीतसर तक्रार नोंदवली, तर तासाभरात फोन. तक्रार मागे घ्या, नवा पीस पाठवतो, तक्रार चालू असली की सिस्टिम दुसरा पीस पाठवू देत नाही, वगैरे. हे धादांत खोटं आहे. मागे घेतलेली तक्रार बऱ्याच साइटवर पुन्हा उघडता येत नाही, आणि त्याला तेवढंच हवं असतं. मी नकार दिल्यावर धमकी: “कार्डात पायरेटेड गेम होते सर. तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल.” ते गेम त्यानंच भरलेले, तेही न मागता. फ्लॅश कार्ट्रिजवर स्वतः बनवलेले गेम चालवण्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे या धमकीला घाबरू नका. पण बरेचजण इथेच गप्प बसत असणार.

साइटनं तक्रार फेटाळली: मुदत उलटली होती आणि वस्तू उघडलेली होती. दोन्ही कारणं त्याच्याच सल्ल्यांतून तयार झालेली. त्याचे उपाय एकामागून एक मांडले तर सगळे वेळखाऊ, सगळे एरवी पटण्यासारखे, आणि परत घेण्याचा विषय प्रत्येकाच्या ‘नंतर’.

तेव्हा उपाय करायचे तर जरूर करा, पण परतीची विनंती त्याच दिवशी नोंदवून ठेवा. ती उघडी असताना कॉन्टॅक्ट साफ करायला कुणाची हरकत नाही. बोलणं साइटच्या चॅटवरच. स्क्रू विक्रेत्याच्या लेखी सांगण्याशिवाय फिरवू नका आणि तेही त्याच चॅटवर मागा. आणि घ्यायच्या आधीच बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा; एव्हरड्राइव्हसारख्या ज्या कार्ट्रिजांच्या सर्रास नकला होतात त्यांच्या अस्सल बोर्डांचे फोटो ताडून बघायला मिळतात. ‘फोटोसाठी उघडता येत नाही’ असं उत्तर आलं तर बनवणाऱ्याच्या अधिकृत विक्रेत्यांकडूनच घ्या, महाग पडलं तरी.

आता प्रकरण बँकेकडे आहे, कार्डावरचा व्यवहार उलटवण्यासाठी. त्यांनी संवादाचे पुरावे मागितले. मी बघतो तर त्याच्या नंबरवर झालेल्या संवादातले त्याचे बरेचसे निरोप त्यानं ‘सर्वांसाठी डिलीट’ केलेले. ज्यांचे स्क्रीनशॉट नव्हते ते गेले. ‘उघडून बघा आणि बोर्डचा फोटो पाठवा’ हा निरोपही त्यानं पुसलाय, पण फोटो पाठवताना मी त्यालाच रिप्लाय केला होता, त्यामुळे माझ्या निरोपाच्या डोक्यावर त्याचं वाक्य तसंच राहिलंय. बँकेला पहिलं पान तेच जोडलंय.