आंब्याच्या राखणीला क्लिपचा दिवा: घ्यावा का?

देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या हंगामात बागेची राखण म्हणजे वाचनाला मोकळा वेळ देणारी नोकरी. वानरांचा उपद्रव पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपार आणि जेवणानंतरची रात्र पुस्तकाची. मांगरात (बागेतल्या राखणीच्या खोपटात) वीज नसेल तर पुस्तकाला लावायचा रिचार्जेबल क्लिपचा दिवा खरोखर कामाचा आहे, पण पारखून घ्या.

पांढऱ्या प्रकाशाचा घेऊ नका. पाकोळ्या, चिलटं थेट पानावर येतात. पिवळसर प्रकाशावर ती कमी येतात. बॅटरी किमान १००० एमएएच हवी. अर्ध्या वॅटवर वाचलं तर सहा-सात तास निघतात, पूर्ण उजेडावर त्याच्या निम्मेही नाहीत. दिव्याची मान वाकणारी आणि प्रकाश फक्त पानावर पाडणारी हवी. हे सगळ्यात महत्त्वाचं: डोळ्यांवर उजेड आला की मान वर केल्यावर काही वेळ बाग दिसतच नाही, आणि चोराला तेवढा वेळ पुरतो. त्यामुळे लांब झोताचा टॉर्च वेगळा, हाताशी ठेवाच.

खाऱ्या हवेने चार्जिंगचं भोक गंजतं. रबरी झाकण नसलेला दिवा अजिबात नको. क्लिपची स्प्रिंगही अशीच गंजून जाते, तिला खोबरेल नको, मशीनचं तेल लावा. पावसाळ्यात दिव्याची बॅटरी अर्धी चार्ज करून दिवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुढच्या मोहोराला बहुधा चार्जच होत नाही.