तीन स्वयंपाकघरं, तीन संसार : ‘ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर’

इंग्रज नाटककार ॲलन एकबॉर्न यांचं हे नाटक १९७२ साली इंग्लंडमधल्या स्कारबरोला पहिल्यांदा आलं. मी ते नुकतंच इथे यॉर्कशरमध्ये, आमच्या गावातल्या हौशी मंडळींनी केलेलं पाहिलं. नवरा-बायकोच्या दुराव्यावरच्या विनोदी नाटकांना तोटा नाही, पण हे जमेल त्याने बघावंच.

तीन जोडपी, तीन अंक, लागोपाठचे तीन नाताळ. पार्टी चालते बाहेरच्या खोलीत, आपल्याला दिसतं ते फक्त त्या-त्या घरचं स्वयंपाकघर. एकबॉर्न यांनी आधी दिवाणखाना धरून लिहायला घेतलं होतं, मग खोलीच बदलली. सगळं नाटक त्या एका निर्णयावर उभं आहे. पहिल्या अंकात सिडनीला बँकेच्या साहेबाला खूश करायचंय. टॉनिक वॉटर संपतं आणि त्याची बायको, जेन, रेनकोट आणि गमबूट चढवून भर पावसात बाहेर. मी आमच्या मंडळाच्या नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळते, त्यामुळे माझं लक्ष आधी वस्तूंकडे जातं. इथे जेनच्या हातातून फडकं सुटत नाही. नवऱ्याशी बोलायला तिच्याकडे दुसरं काही उरलेलंच नाही.

दुसरा अंक म्हणजे कमाल. जेफ्री त्याच्या बायकोला, इव्हाला, सांगतो, मी दुसरीकडे राहायला जातोय. त्यानंतर इव्हा जवळजवळ बोलतच नाही. तिला जगायचं नाहीये, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही. ती ओव्हनपाशी दिसली, की जेनला वाटतं साफसफाई चाललीय, आणि ती स्वतःच घासायला बसते. सिडनी सिंक उघडतो, बँकवाला रोनाल्ड दिव्याशी खटपट करतो. सगळे मनापासून मदत करतायत! आमच्याकडच्या इव्हाने एकदाही हशा मागितला नाही. तिने प्रेक्षकांकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणून लोक हसताहसता मध्येच थांबत होते.

तिसरा अंक आमच्या मंडळींनी घाईत उरकला. बायको वरच्या खोलीत दारूत बुडालेली आणि खाली रोनाल्ड गारठ्यात बसलेला, तिथे जरा थांबायला हवं होतं.

घरात कुणी आत्महत्येचं दुःख सोसलं असेल, तर दुसऱ्या अंकाची कल्पना आधी देऊन ठेवा.

इथल्या मराठी मंडळांनी हे मराठीत बसवावं असं मला फार वाटतं. दोन मध्यंतरांत दोनदा सेट बदलावा लागेल, सिंक खरं वाटायला हवं, ते सगळं जमवता येईल. आधी इव्हा शोधा.