जीमेल की झोहो मेल? निर्यातवाल्यांसाठी

पिंपळगाव, ओझर भागातल्या द्राक्ष निर्यातदारांचा पहिला प्रश्न जागेचा. जीमेलवर फुकटात १५ जीबी, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही आलेच. बागेचे व्हिडिओ बॅकअपला पडत राहिले की एक दिवस मेल यायचेच बंद होतात, आणि तो दिवस नेमका कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघायच्या आठवड्यात उगवतो. झोहोच्या फुकट खात्यात मेलसाठी ५ जीबी मिळतात. कमी आहेत, पण फोटोंनी खाऊन टाकायची भीती नाही.

जाहिराती झोहोत नाहीत. जीमेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये दिसतात. मेल वाचून जाहिराती ठरवणं मात्र बंद करत असल्याचं गूगलने २०१७ मध्येच जाहीर केलं. झोहो चेन्नईची म्हणून 'आपली', हा मुद्दा मला गौण वाटतो. फर्मच्या नावाचा मेल पत्ता हवा असेल तर झोहो स्वस्त पडतं, हा खरा मुद्दा.

शोधण्यात जीमेल वरचढ. जुनं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) दोन शब्दांत सापडतं.

खरी कटकट पत्ता बदलण्याची. बँक, जीएसटी, महावितरण, सगळीकडे जुनाच पत्ता. म्हणून जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग लावा, नव्या पत्त्यावर आलेला कोड टाका आणि हंगामभर दोन्ही चालू ठेवा. बदल जूनमध्ये करा, फेब्रुवारीत, ऐन निर्यातीच्या धामधुमीत, नको. नंतरही जुन्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत जा. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.